सर फिरोजशहा मेहता आणि सुरत

सुरत आणि सर फिरोजशहा मेहता ही नावे एकत्र आली की बहुतेकांस १९०७ सालची राष्ट्रसभा आणि व्यासपीठावर भिरकावलेला तो दक्षिणी जोडा आठवतो. परंतु या शहराशी त्यांचा संबंध त्याहून जुना होता. १८७८ साली परवाना-कराविरुद्ध येथे दंगल झाली व काही नागरिकांवर खटला भरला गेला. त्या आरोपींच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर फिरोजशहाच.

१८४५ साली मुंबईत जन्मलेले फिरोजशहा १८६८ मध्ये विलायतेत बॅरिस्टर झाले. वकिलीने त्यांना धन व कीर्ती दिली. परंतु कायदा केवळ अशिलाच्या कामी न लावता त्यांनी तो शहराच्या कामी लावला. मुंबई महापालिकेचा १८८८ चा कायदा घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. कारभार कमिशनरने करावा, परंतु पैसा मंजूर करण्याचा व हिशेब विचारण्याचा अधिकार महापालिकेच्या सभेचा असावा, हे त्यातील सूत्र होय. १९०१ साली शेतकऱ्यांचा जमिनीवरील हक्क आकुंचित करणारे विधेयक सरकारने रेटले, तेव्हा ते आणि गोखले प्रभृती सभासद कायदेमंडळातून उठून गेले.

हेच सूत्र पेढीसही लागू पडते. १९११ मध्ये सोराबजी पोचखानवाला यांनी सेंट्रल बँक स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष फिरोजशहा होते. भांडवल आणि कारभार दोन्ही हिंदी लोकांचे. १९१३ च्या सुमारास अनेक देशी बँका बुडाल्या, पण ही तगली. लोकांची ठेव मिळते ती विश्वासावर, आणि विश्वास टिकतो तो चोख हिशेबावर.

मग १९०७ मध्ये काय घडले? नागपूरचे अधिवेशन सुरतेस आणण्यात फिरोजशहा अग्रेसर होते. कलकत्त्याच्या स्वराज्य व बहिष्काराच्या ठरावांतून माघार घेतली जाईल, अशी टिळकपक्षास धास्ती होती. अध्यक्षांच्या निवडीवर टिळक बोलावयास उभे राहिले, त्यांना बोलू देण्यात आले नाही, आणि सभा उधळली. सरकारपुढे सभेचा हक्क निर्भयपणे मांडणाऱ्या या पुरुषाने प्रतिपक्षासही सभेत तोच हक्क मिळवून दिला असता, तर त्याची थोरवी अधिक उजळली असती.

दोन्ही पक्ष १९१६ साली लखनौस एकत्र आले. ते पाहण्यास फिरोजशहा नव्हते. १९१५ च्या नोव्हेंबरात त्यांचा अंत झाला होता. सुरतेने त्यांचे मोजमाप करताना तो जोडा स्मरावाच; पण १८७८ चे ते वकीलपत्रही विसरू नये.