अमेरिकेचे पुढचे वर्ष : काय ठरलेले, काय संभवते आणि काय सांगताच येत नाही



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. माझ्या पहिल्या तुकडीतल्या एका विद्यार्थिनीचे वडील शाळेत भेटायला आले. मुलगी इंजिनिअर झाली आहे, पुढे शिकायला अमेरिकेला जायचं म्हणते. त्यासाठी मोठं कर्ज काढावं लागणार. काकांनी मोबाईल पुढे केला आणि म्हणाले, "सर, हे वाचा. पुढच्या वर्षी अमेरिकेत मध्यावधी निवडणूक आहे. म्हणजे ट्रम्प जाणार आणि व्हिसा सोपा होणार. मग काढू ना कर्ज?"

मी लगेच हो किंवा नाही म्हणालो नाही. घरी येऊन एका कागदावर तीन रकाने आखले : ठरलेलं, संभवतं आणि सांगता न येणारं. २०२६ या वर्षाबद्दल जे जे माहीत होतं ते त्यात भरत गेलो. तोच कागद आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

आधी एका शब्दाचा घोळ

आपल्याकडे 'मध्यावधी निवडणूक' म्हटलं की सरकार पडलं, सभागृह मुदतीआधीच बरखास्त झालं असं डोळ्यासमोर येतं. अमेरिकेत तसं नाही. तिथे राष्ट्राध्यक्षांची मुदत चार वर्षांची असते. ती मुदत निम्मी झाली की ठरलेल्या तारखेला संसदेची निवडणूक होते, म्हणून ती मध्यावधी. त्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होतच नाही. निकाल काहीही लागला तरी ट्रम्प यांची मुदत २० जानेवारी २०२९ पर्यंत आहे. काकांच्या प्रश्नातला पहिला गैरसमज हाच होता, आणि तो आपल्याच भाषेतल्या शब्दामुळे झाला होता.

पहिला रकाना : ठरलेलं

अमेरिकेत नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतर येणाऱ्या मंगळवारी मतदान होते. हा नियम १८४५ सालच्या कायद्यापासून चालत आला आहे. त्याप्रमाणे २०२६ मध्ये मतदान ३ नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी,

• प्रतिनिधीगृहाच्या सर्व ४३५ जागा,
• सिनेटच्या १०० पैकी ३५ जागा (यात फ्लोरिडा आणि ओहायो इथल्या दोन पोटनिवडणुका आल्या),
• ३६ राज्यांचे गव्हर्नर

यांची निवड होईल. त्याआधी ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षे पूर्ण होतील. ३० जानेवारीला बऱ्याच सरकारी खात्यांच्या खर्चाची मंजुरी संपते. २०२५ मध्ये अशीच मंजुरी वेळेत न मिळाल्यामुळे १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाज अंशतः बंद पडलं होतं. तारीख ठरलेली आहे, पण त्या तारखेला तडजोड होईल की पुन्हा टाळं लागेल हे ठरलेलं नाही. इथून आपण दुसऱ्या रकान्यात शिरतो.

दुसरा रकाना : संभवतं

इथे आधार घ्यायचा तो मागच्या अनुभवाचा. १९३४ पासूनच्या मध्यावधी निवडणुका पाहिल्या तर राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा फक्त तीनदा वाढल्या : १९३४, १९९८ आणि २००२. बाकी प्रत्येक वेळी कमी झाल्या. २०१० मध्ये ओबामांच्या पक्षाने ६३ जागा गमावल्या, २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने सुमारे ४०. कारण समजायला सोपं आहे. सत्तेवर नाराज असलेला माणूस मतदानाला आवर्जून जातो, खूश असलेला घरी बसतो.

आता आकडे बघा. २०२४ च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन २२० आणि डेमोक्रॅट २१५ निवडून आले. बहुमताला २१८ लागतात. म्हणजे डेमोक्रॅट पक्षाला फक्त तीन जागा जास्त हव्यात. सिनेटमध्ये मात्र ५३ विरुद्ध ४७ अशी स्थिती आहे. तिथे समसमान मतं पडली तर उपराष्ट्राध्यक्ष निर्णायक मत देतात आणि ते रिपब्लिकन आहेत. म्हणून डेमोक्रॅटना तिथे चार जागा जास्त मिळवाव्या लागतील, आणि ज्या ठिकाणी निवडणूक आहे त्यातली बरीचशी राज्यं रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेली आहेत.

यात २०२५ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. टेक्सासने मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या, रिपब्लिकनांच्या फायद्याच्या. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने मतदारांचा कौल घेऊन डेमोक्रॅटांच्या फायद्याच्या आखल्या. खेळाडू तेच, पण मैदानाच्या रेषा बदलल्या. म्हणून मागचा अनुभव जसाच्या तसा लावता येत नाही.

तिसरा रकाना : सांगता न येणारं

हा रकाना रिकामा ठेवायचा असतो, पण तो आखायचा मात्र असतोच. २०२४ आठवा. त्या वर्षीच्या जानेवारीत सगळे बायडेन विरुद्ध ट्रम्प अशीच लढत गृहीत धरून चालले होते. २७ जूनला दोघांचा वादविवाद झाला आणि बायडेन यांची अवस्था पाहून त्यांचाच पक्ष हादरला. १३ जुलैला पेनसिल्व्हेनियात ट्रम्प यांच्या सभेत गोळीबार झाला. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि कमला हॅरिस उमेदवार झाल्या. चार आठवड्यांत सगळं चित्र बदललं.

अंदाज कुठे चुकतात?

१) मोठा आकडा म्हणजे खरा आकडा, असं वाटतं. १९३६ मध्ये 'लिटररी डायजेस्ट' या मासिकवजा साप्ताहिकाने २० लाखांहून जास्त लोकांची मतं गोळा केली आणि लँडन जिंकणार असं छापलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. साप्ताहिकाने नावं घेतली होती मुख्यतः टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांमधून. मंदीच्या काळात गरिबाकडे कुठला आला टेलिफोन?

२) 'शक्यता कमी' याचा अर्थ आपण 'होणारच नाही' असा घेतो. २०१६ मध्ये नेट सिल्व्हर यांच्या गणिताने ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के संधी दिली होती. फासा टाकल्यावर एक किंवा दोन पडण्याची शक्यता ३३ टक्के असते. तसा फासा पडला तर आपण त्याला चमत्कार म्हणतो का? नाही ना!

३) नेहमीचा कल म्हणजे नियम, असं समजतो. २०२२ मध्ये रिपब्लिकनांची 'लाल लाट' येणार म्हणून गाजावाजा झाला. प्रतिनिधीगृह त्यांनी जिंकलं, पण जेमतेम २२२ जागांवर. सिनेटमध्ये तर उलट डेमोक्रॅटांची एक जागा वाढली.

माझे अंदाज

चुकलो तर सापडावं म्हणून आकड्यांत लिहितो. प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटांचं बहुमत होईल : १०० पैकी ७५. सिनेट रिपब्लिकनांकडेच राहील : १०० पैकी ७०. एच-१बी व्हिसा सोपा करणारा कायदा २०२६ मध्ये होईल : १०० पैकी ५. हा कागद शाळेच्या कपाटात ठेवला आहे. निकालानंतर मुलांसमोर उघडीन.

शेवटचा अंदाज इतका कमी का? समजा डेमोक्रॅट जिंकले. तरी नवी संसद बसणार ३ जानेवारी २०२७ ला. तिने कायदा केला तरी राष्ट्राध्यक्ष तो नाकारू शकतात, आणि त्यांचा नकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं, ते राष्ट्राध्यक्षांच्या एका घोषणेने. असे निर्णय संसदेची वाट बघत नाहीत. न्यायालय ते रोखू शकतं, पण न्यायालयाचा निकाल निवडणुकीच्या तारखेला बांधलेला नसतो.

काकांना मी हेच सांगितलं. "मुलीला पाठवायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवा. पण ३ नोव्हेंबरच्या भरवशावर कर्ज काढू नका. तिथे नोकरी मिळाली नाही, परत यावं लागलं, तर हप्ते इथल्या पगारात फिटतील का, तेवढं आधी मांडून बघा." काका थोडे हिरमुसले, पण कागदाचा फोटो काढून घेऊन गेले.

वर्गात करून बघा

पुढच्या सोमवारी किती मुलं गैरहजर राहतील, याचा अंदाज मुलांना वहीत लिहायला सांगा. मग हजेरीपटातले मागचे आठ सोमवार दाखवा आणि अंदाज बदलायची संधी द्या. सोमवारी पडताळा घ्या. गावात अचानक लग्न निघालं की सगळ्यांचे अंदाज कोसळतात आणि तिसरा रकाना मुलांना आपोआप समजतो. चुकलेल्या मुलाला हसू मात्र देऊ नका. अंदाज चुकला तर बिघडत नाही. तो लिहून ठेवायचा आणि नंतर तपासायचा, एवढी सवय लागली तरी पुरे.

तुमच्या वर्गातले अनुभव जरूर कळवा.