पानावर नको, पेरावर भरवसा ठेवा
नावाची चिठ्ठी नसलेली पाणवनस्पतीची जुडी हाती आली, की पानाचा आकार आणि रंग पाहून नाव ठरवले जाते. हा पुरावा कच्चा आहे. रोपवाटिकेत ही झाडे बहुधा पाण्याबाहेर वाढवतात. रोटाला रोटुंडिफोलियाचे तिथले पान गोल असते; टाकीत बुडाल्यावर नवे पान लांबट, अरुंद येते. पेरावरची पानांची मांडणी त्याहून भरवशाची. कॅबोम्बा आणि लिम्नोफिला दोन्हींची पाने झालरीसारखी चिरलेली. पण कॅबोम्बाची देठाची आणि सहसा समोरासमोर, तर लिम्नोफिलाची बिनदेठाची, पेराभोवती गोलाकार. फुलाशिवाय जातीची खात्री देता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण फूल येण्यासाठी रोप आधी जगायला हवे. म्हणून पेराच्या खाली कापा, खालची पाने काढा आणि दोन पेरे वाळूत खोचा; मुळे तिथूनच फुटतात. नाव मात्र पाण्यातली नवी पालवी आल्यावरच ठरवा आणि छाटलेले तुकडे ओढ्या-तळ्यात कधीही टाकू नका.