घाटमाथ्यावरची खूण

बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख एका प्रश्नात होते: तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? मलकापूर, नांदुरा, मोताळा घाटाखाली; बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मधे अजिंठ्याच्या रांगेची भिंत. मलकापूरहून निघालेली एसटी राजूर घाट चढू लागली की म्हाताऱ्या बाया पदर सावरून हात जोडायच्या. डोंगरावर देव राहतो म्हणून हा नमस्कार, असे मला लहानपणी वाटे. वळणे आणि दरी कळू लागल्यावर त्यातली भीतीही कळली.

आल्प्सच्या शिखरांवर क्रूस का उभे असतात, या प्रश्नाकडे मी याच घाटातून पाहतो.

पटकन सुचणारे उत्तर असे, की येशूला टेकडीवर क्रूसावर चढवले. पण शुभवर्तमाने त्या जागेला, गुलगुथ्याला, ‘कवटीची जागा’ एवढेच म्हणतात. टेकडी कुठेच नाही. ती भक्तांच्या आणि चित्रकारांच्या मनात पुढे उगवली. आल्प्समधल्या गुराख्यांची गरज वेगळी होती. कुरणाची हद्द दाखवायला, खिंडीची वाट सापडायला, वीज आणि गारपीट टळावी म्हणून ते क्रूस रोवत. हरभरा घाट्यांवर असताना आभाळ काळे झालेले ज्याने पाहिले, त्या वऱ्हाडी शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

हेतू नेहमीच इतका साधा राहिला नाही. 1492 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या हुकमावरून आंत्वान द व्हिल शिड्या लावून माँ एगी हा उभ्या कड्यांचा डोंगर चढला. माथ्यावर त्याने तीन क्रूस उभारले. तिथे देवाच्या खुणेबरोबर राजाची सत्ताही रोवली गेली. त्याच काळात पोर्तुगीज दर्यावर्दी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर क्रूस असलेले दगडी स्तंभ उभारत होते. ही दुसरी परंपरा पहिलीत इतकी मिसळून गेली आहे, की एकच क्रूस कुणाला आधार वाटतो, कुणाला आक्रमण. दोघांचेही खरे आहे.

जर्मनीतल्या झुगस्पिट्झ शिखरावरचा (2,962 मीटर) क्रूस 1851 चा. त्यासाठी झटणारे क्रिस्टोफ ओट हे धर्मगुरू होते आणि हवामानाच्या नोंदीही ठेवत. विजेपासून राखण मागायची ती खूण विजेच्याच तडाख्यांनी खिळखिळी झाली; 1882 मध्ये तिला दुरुस्तीसाठी खाली आणावे लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी तिच्यावर नेमबाजी केली.

आपल्याकडे जुन्या गोव्यातल्या बोआ व्हिस्टा टेकडीवरच्या क्रूसावर 1619 मध्ये ख्रिस्ताचे दर्शन झाल्याचे सांगतात. तो लाकडी क्रूस आता सी कॅथेड्रलमध्ये आहे आणि वाढतो आहे अशी श्रद्धा आहे. स्वयंभू पाषाण तीळतीळ वाढतो, हे आपणही आजीकडून ऐकलेले असते.

आमच्या वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेले अमेरिकन अलायन्स मिशन प्रोटेस्टंट होते. त्यांचा भर बायबलवर आणि प्रवचनावर. टेकडीवर, वाटेवर क्रूस उभारणे ही रीत मुख्यतः कॅथलिकांची. नांदुऱ्यात मात्र सपाट रानात महामार्गाकाठी 105 फुटांचा मारुती उभा आहे. डोंगर नसला तर माणूस उंची बांधून काढतो, हे मला त्याच्याकडे पाहताना जाणवते.

या साऱ्यांत मला सर्वांत जवळचे वाटतात ते मुंबईतले क्रूस. त्यांना शिखरही नाही, टेकडीही नाही. 1896 मध्ये प्लेग आला तेव्हा वांद्रे, गिरगाव भागांतल्या ख्रिस्ती वस्त्यांनी रोग वेशीबाहेर राहावा म्हणून असे अनेक क्रूस गल्लीच्या तोंडाशी उभारले. आमच्याकडे मरीआई बसते ती जागा हीच. प्लेग गेला, गावठाणाभोवती इमारती चढल्या. तरी मे महिन्यात तिथे मेणबत्त्या लागतात आणि शेजारीपाजारी जमून रोझरी म्हणतात.