कामाचा नकाशा कागदावर काढा

व्यापारी व कारागीर बांधवांनो, आपला धंदा तोंडी चालतो. पण तोटा नेमका कुठे होतो ते तोंडी सापडत नाही. आम्हाला ते काम कागदावर मांडल्यावर कळले.

या मांडणीची जगमान्य चिन्हे आहेत. त्या पद्धतीला बीपीएमएन म्हणतात. तिची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली, दुसरी २०११ मध्ये. २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला.

मुख्य चिन्हे थोडीच आहेत. बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे सुरुवात, जाड रेघेचे म्हणजे शेवट. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक काम. बाण क्रम दाखवतो. हिऱ्याच्या आकारापाशी वाटा फुटतात : आत फुली असेल तर त्यांतली एकच घ्यायची, अधिक चिन्ह असेल तर सगळ्या एकदम. ज्याचे काम त्याचा पट्टा वेगळा.

आम्ही आमच्या पेढीचा नकाशा काढला : ऑर्डर आली, मागवाल्याकडून ताके आले, मग 'माल ठीक?' हा हिरा, मग रवानगी. पण हिरा स्वतः काही तपासत नाही, फक्त वाट दाखवतो. तपासणीची चौकट त्याच्या आधी हवी, आणि आमच्याकडे ती नव्हतीच! मुनीम समजे फोल्डिंगवाला पाहतो, फोल्डिंगवाला समजे मुनीम पाहतो. डागी माल दोनदा परत आला, भाडे आमच्या अंगावर पडले. आता 'ताका तपासणे' ही चौकट फोल्डिंगवाल्याच्या पट्ट्यात आहे.

यासाठी संगणक लागत नाही. वहीचे एक पान घ्या, एकच ऑर्डर मांडा आणि प्रत्येक हिऱ्यापाशी विचारा : हे पाहणार कोण?