सहा तुकडे, एक जोर

'रिस्पॉन्सिबिलिटी' असा लांबलचक शब्द आला की दहावीतली मुलं 'रिस्पॉ' म्हणतात आणि पुढचं गिळून टाकतात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. दहा वर्षं शिकूनही असं का, हे मला छळत होतं. बीड जिल्ह्यातल्या नेकनूरला एक बाई शब्द फोडून शिकवतात असं कळलं, तेव्हा मांजरसुंब्याहून केजचा रस्ता धरला.

पत्र्याची खोली. हजेरी, गृहपाठ उरकला. बाईंनी फळ्यावर तोच शब्द लिहिला आणि मुलांनी बाकावर थापा मारल्या : रि, स्पॉन्, सि, बि, लि, टी.

"किती?" "सहा!"

"जोर कुठं?" "बि!"

मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षर सारखं उच्चारतो. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर पडतो, शेजारचे बारीक होतात. सहांत एक ठळक, एवढं कळलं की शब्द तोंडात बसतो. 'शन'नं संपणाऱ्या शब्दांत जोर त्याच्या आधीच्या तुकड्यावर असतो : एज्युकेशनमध्ये 'के', एक्झामिनेशनमध्ये 'ने'.

माझं लक्ष मात्र मागच्या बाकावरच्या मुलीकडेच जात होतं. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर तिचीही शाळा बुडते. बाई आता पुढचे शब्द सांगत होत्या : फोटोग्राफमध्ये जोर 'फो'वर, फोटोग्राफीत 'टॉ'वर, फोटोग्राफिकमध्ये 'ग्रॅ'वर. ती हलक्या आवाजात तिन्ही पुन्हा पुन्हा म्हणत होती. जोर सरकला की तिची थापही सरकायची.

कानाचे तुकडे वेगळे, अर्थाचे वेगळे. 'टीचर' बोलताना टी-चर, अर्थाला मात्र 'टीच' आणि 'अर'. बाईंनी मराठी शब्द टाकला : बेजबाबदारपणा. मुलांनी क्षणात फोडला : बे, जबाबदार, पणा. मग 'इरिस्पॉन्सिबिलिटी'तला नकाराचा 'इर' त्या मागच्या मुलीनंच दाखवला. सुरुवातीला लागलेला तुकडा अर्थ उलटा करतो, हे तिला मराठीतून आधीच ठाऊक होतं. उपसर्ग-प्रत्ययांचं हे भांडवल प्रत्येक मराठी मुलाकडे असतं. घोकंपट्टीत ते वाया जातं.

शब्दकोशात जोराच्या तुकड्याआधी वर एक बारीक उभी रेघ असते. इंग्रजीच्या शिक्षकांनी ती रेघ मुलांना दाखवावी आणि आठवड्यातला एक तास शब्द फोडायला द्यावा. खडू आणि बाक एवढ्यावर हे भागतं, आणि महिनोन्महिने शाळा बुडालेल्या मुलांना त्याची गरज सगळ्यात जास्त आहे.