विश्लेषण : जुन्या दुचाकीचा पुढचा ब्रेक पावसाळ्यात का दगा देतो?

वसई, नालासोपारा, विरार स्थानकांबाहेर अनेक दुचाकी दिवसभर उघड्यावर उभ्या असतात. खारी, दमट हवा आणि पावसाळ्यात साचणारे पाणी यांचा मार जुन्या गाड्यांच्या पुढच्या ब्रेकवरही बसतो. हा ब्रेक नीट लागेनासा झाला की काही जण मागच्या ब्रेकवरच भागवतात. ते धोक्याचे का आहे आणि दोष नेमका कुठे, हे कसे ओळखायचे?

मागच्या ब्रेकवर भागवले तर काय बिघडते?

ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे सरकते. पुढचे चाक रस्त्यावर अधिक दाबले जाते, मागचे हलके होते. त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो. फक्त मागचा दाबला तर गाडी थांबायला जास्त अंतर लागते आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरू शकते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस बंधनकारक झाले. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत ही सोय नाही.

डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ का लागतो?

लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइलचा दाब नळीतून कॅलिपरपर्यंत पोहोचतो. ऑइल दबत नाही, हवा मात्र दबते. नळीत हवा शिरली की लिव्हर स्पंजसारखा लागतो. अशा वेळी एअर काढून घ्यावी लागते. गाडी उभी असताना लिव्हर अर्धा मिनिट दाबून धरा. तो हळूहळू आत जात असेल तर मास्टर सिलिंडरचे रबर गेले असण्याची किंवा कुठे तरी गळती असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये.

ब्रेक ऑइल कधी बदलायचे?

हे ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. सतत ब्रेक लावून ऑइल तापले की त्यातील पाण्याची वाफ होते आणि लिव्हर पोकळ जातो. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. कोणते घालायचे ते टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. इंजिन ऑइल कधीही घालू नये. त्याने रबर फुगते.

पातळी खाली गेली तर फक्त ऑइल टाकावे का?

आधी पॅड पाहा. ते झिजतात तशी टाकीतील पातळीही उतरते. पॅडवरची खाच दिसेनाशी झाली तर बदलण्याची वेळ आली. पॅड ठीक असूनही पातळी उतरत असेल तर गळती शोधावी. टाकी भरताना सांडलेले ब्रेक ऑइल रंग खाते, ते लगेच पाण्याने धुवावे.

लिव्हर कडक, तरी गाडी थांबत नाही?

पॅड चकचकीत झाले असतील किंवा त्यांना तेल लागले असेल. चेन किंवा केबलवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडाला तरी हे होते. तेल प्यायलेले पॅड बदलणेच बरे. ब्रेक लावताना लिव्हर धडधडत असेल तर डिस्क वाकली आहे का, ते तपासावे. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

चाक जाम का होते?

मेन स्टँडवर गाडी लावून मागून कुणाला तरी दाबायला सांगा आणि उचललेले पुढचे चाक हाताने फिरवा. ते अडत असेल तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकत्या पिना गंजल्या असू शकतात. आतून फुगलेली जुनी नळीही दाब अडकवून ठेवते. पिनांना साधे ग्रीस न लावता ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे.

ड्रम ब्रेक असेल तर?

इथे ऑइल नसते. केबल, लायनर आणि ते उघडणारा कॅम पाहावा. केबलचे तार तुटू लागले असतील तर ती बदलावीच. जुलै २०१८ सारखा पूर येऊन चाक बुडाले असेल तर ड्रम उघडून साफ करून घ्यावा. आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. नुसते पाण्यातून गाडी काढली असेल तर मागे वाहन नाही हे पाहून, हळू चालवत ब्रेक हलके दाबून सुकवावेत.

पासिंग झाले म्हणजे ब्रेक ठीक का?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. ती तपासणी त्या दिवसापुरती असते. पॅड आणि ऑइल मात्र पुढच्या पाच वर्षांतही झिजत, जुने होत राहतात. दुरुस्तीनंतर गाडी थेट महामार्गावर नेऊ नये. आधी लिव्हर घट्ट होईपर्यंत काही वेळा दाबावा आणि मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक लावून पाहावा.