आफ्रिकेत मुक्काम कोठे करावा?

(द्वितीय वर्ष, कला)

‘सफारी’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर उघडी जीप आणि गवतातला सिंह उभा राहतो. पण पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच : प्रवास. अरबी ‘सफर’ तिकडे जाऊन ‘सफारी’ झाली आणि आपल्याकडे येऊन ‘सफर’च राहिली. म्हणजे नात्याने या दोघी सख्ख्या बहिणीच. आता प्रवास म्हटला की मुक्काम आलाच. हा मुक्काम कोठे करावा, हाच प्रस्तुत लेखाचा विषय.

वाचक म्हणतील, ज्याने अजून विमान जवळून पाहिलेले नाही त्याने आफ्रिकेतल्या निवासांवर लिहावे, हा कुठला न्याय? शंका रास्त आहे. माझे वडील मार्केट यार्डात हमाली करतात आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. सकाळची व्याख्याने संपली की दुपारी मी एका प्रवासी कार्यालयात काम करतो. लोकांना सहलीची माहिती देणारी मराठी पत्रके तयार करणे हे माझे काम. तिथेच हा विषय माझ्या वाट्याला आला, आणि त्यात माझ्या हातून एक चूकही झाली. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

एक निवृत्त शिक्षक व त्यांच्या पत्नी केनियातील मसाई मारा पाहायला निघाल्या होत्या. पेन्शनमधून वर्षानुवर्षे बाजूला टाकलेले पैसे त्यांनी यासाठी काढले होते. मी त्यांच्यासाठी दोन निवासांची तुलना करून पत्रक तयार केले. एक महाग, एक स्वस्त. दोन्हींच्या नावात ‘मारा’, दोन्हींची छायाचित्रे सुंदर. स्वस्त निवासात पोहण्याचा तलावही होता. सरांनी साहजिकच तो निवडला. परत आल्यावर ते पेढे घेऊन आले, सिंह पाहिल्याचेही सांगितले, आणि जाता जाता म्हणाले, “अरे, जागा छान होती. पण तिन्ही पहाटा रस्त्यातच गेल्या.” तो निवास अभयारण्याच्या फाटकापासून दीड तास दूर होता. नावात मारा होते, नकाशावर नव्हते. दिसते तसे नसते, म्हणूनच जग फसते. आणि या वेळी फसवणाऱ्यांत मीही होतो, कारण मी नकाशा पाहिलाच नव्हता. त्यानंतर मी जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि नकाशावर बोट ठेवून समजून घेतले, ते येथे मांडतो.

पहिली गोष्ट म्हणजे जागा. मारा विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे वर्षभर सूर्य सकाळी साडेसहाच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास मावळतो. सिंह, बिबटे, तरस यांची धावपळ पहाटे आणि सांजवेळी. दुपारी सिंह झाडाखाली आडवा पडलेला असतो; त्याच्याकडे तासभर पाहिले तरी तो कान हलवील तेवढेच. अभयारण्यात फिरण्याची मुभा साधारण सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आता हिशेब करा. ज्याचा तंबू आतच आहे तो चहा घेऊन निघाला की दहाव्या मिनिटाला प्राण्यांत असतो. ज्याचा निवास दीड तास बाहेर आहे तो आठ वाजता पोहोचतो, तेव्हा ऊन चढलेले असते. शिवाय संध्याकाळी परतीसाठी त्याला लवकर निघावे लागते. खोलीचे भाडे कमी भरले, पण ज्यासाठी समुद्र ओलांडला ती वेळच विकली. म्हणून पहिला प्रश्न ‘खोली कशी आहे’ हा नसून ‘फाटकापासून किती मिनिटे’ हा असला पाहिजे. किती किलोमीटर हेही विचारू नये; तिकडच्या कच्च्या वाटेवर किलोमीटर फसवतात, मिनिटे फसवत नाहीत.

यातही तारतम्य हवे. टांझानियातील गोरोंगोरो हे एका प्राचीन ज्वालामुखीचे कुंड आहे. तळाचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आणि खोली सुमारे ६०० मीटर. तळाशी हॉटेले नाहीत, ती वर कड्यावर आहेत. कड्यावरून सकाळी लवकर खाली उतरता येते. पण हा कडा सुमारे २,३०० मीटर उंच आहे. आपले महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर. म्हणजे ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ असे समजून सुती कपड्यांत गेलेला माणूस तेथे रात्री कुडकुडणार. उलट बाहेरच्या कराटू गावाच्या परिसरात निवास स्वस्त व उबदार, पण पहाटेची वाट लांब. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी कराटूच निवडावे, त्यात कमीपणा नाही. निवड म्हणजे सर्वांत चांगले शोधणे नव्हे, आपल्याला चालेल ते ओळखणे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऋतू. सेरेंगेटी आणि मारा ही दोन नावे दोन देशांत असली तरी गवत एकच आहे. लाखो विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत झेब्रे वर्षभर पावसामागे फिरत असतात. आपल्याकडचे धनगर मेंढ्या घेऊन जसे चाऱ्यामागे जातात, तसेच. साधारण जानेवारी ते मार्च हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेस, न्डुटूच्या गवताळ मैदानात असतात. फेब्रुवारीच्या सुमारास तेथे पाडसे जन्मतात. मे-जूनमध्ये ते पश्चिमेस ग्रुमेटी नदीकडे सरकतात आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या दोन्ही तीरांवर असतात. नोव्हेंबरमध्ये पुन्हा दक्षिणेची वाट. पाऊस मागेपुढे झाला की हे वेळापत्रकही हलते. तेव्हा ऑगस्टमध्ये न्डुटूचा उत्तम तंबू घेणे म्हणजे आषाढी संपल्यावर पंढरपूरला जाऊन वारी शोधणे. मात्र सेरेंगेटीच्या मध्यभागी सेरोनेरा येथे बारमाही पाणी असल्याने सिंह-बिबटे वर्षभर आढळतात. ज्यांची सुट्टी स्वतःच्या हाती नाही त्यांना ती जागा बरी.

तिसरी गोष्ट, निवासाचा प्रकार. लॉज म्हणजे पक्के बांधकाम : भिंती, भोजनगृह, बहुधा कुंपण. म्हाताऱ्या माणसांना, लहान मुलांना आणि रात्री आवाजाने दचकणाऱ्यांना हे ठीक. तंबूचा कॅम्प म्हणजे कापडी भिंती. पण आत खरा पलंग, मागे न्हाणीघर आणि कमोड. अनेक ठिकाणी शॉवरसाठी कामगार गरम पाण्याची बादली वर टांगतो. तेवढ्यात अंघोळ उरकायची. ज्याने नळाला पाणी येण्याची वाट पाहत बालपण काढले त्याला यात नवल वाटणार नाही! फिरता कॅम्प कळपांच्या मागे जागा बदलतो. यांपैकी बऱ्याच कॅम्पांना कुंपण नसते. रात्री हत्ती तंबूशेजारून जाऊ शकतो. म्हणून अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचे नाही, पहारेकरी सोबत हवा, आणि तंबूची साखळी पूर्ण ओढलेली हवी. हे नियम हौसेचे नाहीत. ज्यांना रात्री दोनदा उठावे लागते त्यांनी न्हाणीघर तंबूला जोडलेले आहे की वेगळे, हे न लाजता विचारावे.

निवासाचा आणखी एक जुना प्रकार आहे : आपण एका जागी बसायचे आणि जनावरांनी पाण्यावर यायचे. केनियातील अ‍ॅबर्डेअरच्या जंगलात १९३२ साली एका झाडावर ‘ट्रीटॉप्स’ नावाची अशी झोपडी बांधली गेली. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ तेथे मुक्कामाला असताना इंग्लंडात तिच्या वडिलांचे निधन झाले आणि ती राणी झाली. त्या रात्री तेथे जिम कॉर्बेट हजर होते. होय, कुमाऊंचे नरभक्षक मारणारे तेच कॉर्बेट. १९४७ नंतर ते न्येरीला जाऊन राहिले होते. ती मूळ झोपडी १९५४ मध्ये माऊ माऊ उठावात जाळली गेली. ज्यांना आपण केवळ राहण्याची जागा समजतो, त्या जागांवर इतिहासही मुक्काम करून जातो.

आता चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : ही जमीन कुणाची?

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले १९५१ साली. १९५९ मध्ये तेथील मसाई गुराख्यांना बाहेर पडावे लागले आणि त्यांच्यासाठी व वन्यप्राण्यांसाठी मिळून गोरोंगोरोचे क्षेत्र वेगळे काढले गेले. पुढे २०२२ मध्ये लोलिओंडो येथे १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमीन राखीव करण्याच्या निर्णयाला मसाईंनी विरोध केला, तेव्हा तेथे संघर्ष झाला. ज्या मोकळ्या माळरानाचे आपण छायाचित्र काढतो, ते मोकळे कसे झाले याचीही एक कथा असते.

केनियात माराच्या सीमेला लागून एक वेगळा प्रयोग दिसतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत तेथील मसाई जमीनमालकांनी आपापल्या जमिनी एकत्र करून पर्यटन संस्थांना भाड्याने दिल्या. यांना ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. नाबोइशो, मारा नॉर्थ, ओल किन्येई ही त्यांपैकी काही. मालकाला ठरलेले भाडे मिळते. त्या बदल्यात तो जमिनीला कुंपण घालत नाही आणि गुरे ठरल्याप्रमाणेच चारतो. कॅम्पांच्या संख्येवर मर्यादा असते. काही ठिकाणी सातशे एकरांमागे एकच तंबू असा दंडक आहे. प्रवाशाचाही यात लाभ आहे. मुख्य अभयारण्यात रात्री फिरता येत नाही आणि एका चित्त्याभोवती गाड्यांची जत्रा भरू शकते. कॉन्झर्व्हन्सीत गाड्या थोड्या, रात्रीची फेरी होते, वाटाड्यासोबत पायीही जाता येते. म्हणून येथील तंबू महाग. पण त्या महागाईतला काही भाग जमीनमालकाच्या घरी पोहोचतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटक थांबले, तेव्हा हे भाडेही अडचणीत आले. पाहुण्यावर चूल पेटवणाऱ्याला पाहुणा न आल्यास काय होते, हे आपल्याकडच्या तीर्थक्षेत्री विचारावे.

हा भाग वाचताना मला राहून राहून वडील आठवत होते. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी केनियात गेले, तेव्हा त्यांच्यासोबत शेकडो हमाल होते. त्या काळी एका हमालाच्या डोक्यावर साधारण साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलोंचे ओझे असे. तंबू, पलंग, पुस्तके, न्हाण्याचे टब, सारे माणसांच्या डोक्यावरून गेले. आजचा आलिशान तंबू हा त्याच तंबूचा नातू. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, बंदुकीच्या जागी कॅमेरा आला. पण ओझे उचलणारा माणूस आजही तेथे आहे. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “आणि त्यांना झोपायला कुठं देत्यात?” मला उत्तर देता आले नाही. आता मी तो प्रश्न माझ्या यादीत घातला आहे.

पाचवी गोष्ट, पैसा आणि पोट. भाड्यात काय धरले आहे ते लेखी घ्यावे : तिन्ही वेळचे जेवण, गाडी, वाटाड्या, प्रवेशशुल्क. प्रवेशशुल्क ही किरकोळ बाब नव्हे. २०२४ मध्ये मारा अभयारण्याने परदेशी प्रौढासाठी जानेवारी ते जून रोजचे १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे शुल्क ठरवले, आणि तेही बारा तासांपुरते. चार दिवसांचे दोघांचे किती होतात हे मांडून पाहिल्यास ‘स्वस्त’ निवास किती स्वस्त होता ते उमगते. नैरोबीहून लहान विमानाने जाणार असाल तर सामान पंधरा किलोंच्या आसपासच नेता येते, तेही मऊ पिशवीत. शाकाहाराची चिंता फारशी नको, मात्र आधी कळवावे. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासाहून रेल्वे बांधायला हजारो हिंदी मजूर गेले, मागोमाग दुकानदार गेले; त्यांनी तेथे चपाती नेली. स्वाहिलीत आजही ‘चपाती’, ‘चाय’ आणि ‘गारी’ म्हणजे गाडी हे शब्द आहेत. केनियाला जाण्यापूर्वी पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घेऊन दाखला जवळ ठेवावा. तो नसल्यास मायदेशी परतताना अडवून ठेवतात. मलेरियाबद्दलही डॉक्टरांना विचारावे.

तात्पर्य, छायाचित्र पाहून निवास ठरवू नये. निवडण्यापूर्वी सहा प्रश्न विचारावेत : फाटकापासून किती मिनिटे? त्या महिन्यात प्राणी तेथे असतात का? रात्री थंडी किती आणि न्हाणीघर कोठे? भाड्यात काय धरलेले नाही? जमीन कुणाची आणि त्याला काय मिळते? आणि काम करणारी माणसे कुठे झोपतात?

गेल्या महिन्यात मी नवे पत्रक तयार केले. त्यात छायाचित्राच्या वर नकाशा आहे. त्याची पहिली प्रत मी त्या सरांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती अखेरपर्यंत वाचली, लाल पेनाने एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि म्हणाले, “आता आम्हाला परत जायला हवं.” ते पुन्हा जातील की नाही ठाऊक नाही. पण त्यांच्यानंतर जो कुणी जाईल, त्याच्या पहाटा तरी रस्त्यात जाऊ नयेत.